कयाक व पॅडलबोर्ड : वाहतूक आणि साठवण साधने

कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) आणि पॅडलबोर्ड (उभे राहून वल्हवायची लांब फळी) जमिनीवरून नेण्यासाठी व वापर नसताना ठेवण्यासाठी लागणारे रॅक, पाळणे, पट्टे, हातगाड्या व पिशव्या यांचा या नोंदीत विचार केला आहे. पाण्यात होडीच्या बुडाला सर्वत्र आधार मिळतो. जमिनीवर तोच भार दोन-तीन ठिकाणी एकवटतो. तो पसरवून देणे हे या साधनांचे मुख्य काम होय.

पूर्वपीठिका : आर्क्टिकमधील इन्युइट लोक कयाक जमिनीपासून उंचावर ठेवत. सांगाड्यावर ताणून बसवलेले सीलचे कातडे भुकेली कुत्री कुरतडून खात, हे त्यामागचे एक प्रमुख कारण. यासाठी रचलेल्या दगडी खांबांच्या जोड्या कॅनडाच्या आर्क्टिक भागात आढळतात. दगड कधी रचले हे कार्बन पद्धतीने थेट मोजता येत नाही. लगतच्या वस्तीच्या अवशेषांवरून अंदाज बांधावा लागतो. त्यामुळे त्यांच्या कालनिर्णयाबाबत सावधगिरी इष्ट ठरते.

घडीची कयाक म्हणजे वाहतुकीचा प्रश्न होडीच्याच रचनेत सोडवण्याचा प्रयत्न. तिचे श्रेय बहुधा जर्मनीतील रोझेनहाइम येथील शिंपी योहानेस क्लेपर याला दिले जाते. परंतु म्युनिकमधील वास्तुकलेचा विद्यार्थी आल्फ्रेड हॉयरिख याने 1905 मध्येच बांबूच्या काठ्या व शिडाचे कापड वापरून अशी होडी बनवली आणि ईझार नदीत चालवली. क्लेपरने 1907 मध्ये त्याच्याकडून उत्पादनाचे हक्क घेतले. म्हणून रचना हॉयरिखची आणि प्रसार क्लेपरचा, असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. इंग्लंडमधील एडवर्ड बर्थन याच्या मिटवता येणाऱ्या होड्या एकोणिसाव्या शतकातल्या, म्हणजे याआधीच्या. मात्र त्या मुख्यतः जहाजांवर ठेवण्यासाठी होत्या. एकट्या माणसाने पिशवीत भरून आगगाडीने न्यायच्या होडीशी त्यांचे थेट नाते जोडणे ओढाताणीचे ठरेल.

मोटारीवरील साधने : टपावरील दोन आडव्या दांड्यांवर फोमचे ठोकळे, खोगिरासारखे आधार किंवा इंग्रजी ‘जे’ अक्षराच्या आकाराचे पाळणे बसवतात. पाळण्यात कयाक कुशीवर राहते. कुशीची बाजू बुडापेक्षा ताठ असल्याने दाब सोसते, शिवाय टपावरची जागा वाचते. सुमारे 25 मिमी रुंदीचे, दात असलेल्या बकलाचे पट्टे हाताने ओढून आवळतात. रॅचेटच्या, म्हणजे तरफेने एकेक दाता पुढे सरकवत आवळायच्या, पट्ट्याने ताण सहज अति होतो आणि फायबरग्लासला तडा जाऊ शकतो. सपाट पट्टा वाऱ्यात थरथरून मोठ्याने घोंघावतो. मोकळ्या भागात त्याला एक-दोन पीळ दिले की आवाज बहुतांशी थांबतो. लांब कयाकची दोन्ही टोके दोरीने गाडीला वेगळी बांधावी लागतात, कारण वाऱ्याचा जोर तिथेच जास्त बसतो. पॅडलबोर्ड पालथा घालून त्याची शेपटी पुढे ठेवण्याची पद्धत आहे. त्यामुळे वर वळलेले नाक वाऱ्याखाली उचलले जात नाही. कोणत्याही रॅकवर किती वजन चालेल हे गाडी व दांड्या यांपैकी ज्याची मर्यादा कमी, त्यावर ठरते.

हातगाडी : दोन चाकांची, बुडाखाली पट्ट्याने बांधण्याची. वाळूसाठी रुंद, हवा भरलेली चाके सोयीची.

साठवण : पॉलिएथिलीन या प्लास्टिकची कयाक उन्हात तापून मऊ पडते आणि सततच्या दाबाने तिचे बुड आत दबते. म्हणून ती सावलीत, कुशीवर किंवा पालथी, रुंद आधारांवर ठेवतात. दोन्ही टोकांच्या कड्यांनी टांगल्यास मधला भाग झोळीसारखा खाली येतो. फोमचा गाभा असलेल्या कडक पॅडलबोर्डात उष्णतेने हवा प्रसरण पावते आणि वरचा थर सुटू शकतो. त्यासाठी अनेक बोर्डांना हवा बाहेर सोडणारी झडप असते.

हवा भरून फुगवायच्या पॅडलबोर्डात वरचे व खालचे कापड हजारो धाग्यांनी एकमेकांना जोडलेले असते. गुडइयर या टायर कंपनीने 1956 मधील आपल्या फुगवता येणाऱ्या विमानात याच तत्त्वाचे कापड वापरले होते. असा बोर्ड गुंडाळून पाठपिशवीत मावतो. गुंडाळण्यापूर्वी तो पुरता वाळवावा लागतो. घडीत राहिलेल्या ओलाव्याने बुरशी धरते.