रॉक क्रीक पार्क की रॉक क्रीक पार्कवे? दोन्ही वेगळे आहेत

वॉशिंग्टन डीसीला आलेली आपली मंडळी या दोन नावांत (पार्कवे म्हणजे हिरव्या पट्ट्यातून नेलेला गाड्यांचा रस्ता) हमखास गोंधळतात, आणि मॅपवर एक हिरवा पट्टा दुसऱ्याला चिकटूनच दिसतो त्यामुळे त्यात त्यांची काही चूक नाही. आणि इथे क्रीक म्हणजे खाडी नाही हं, ओढा, मेरीलँडमधून वाहत येऊन पोटोमॅक नदीला मिळणारा.

पार्क जुना. १८९० साली कायदा करून राखून ठेवलेलं जंगल, साधारण १७५० एकर, आत एक जुनी पाणचक्की पण आहे. त्यातून ओढ्याकाठाने जातो तो बीच ड्राइव्ह. त्याचा समुद्राशी काही संबंध नाही, बीच हे एका लष्करी इंजिनिअरचं आडनाव.

पार्कवेचं मात्र बरोब्बर उलटं. पार्क आणि प्राणीसंग्रहालय यांच्या खालच्या अंगाला, जॉर्जटाउन आणि बाकी शहर यांच्या मधे जी दरी आहे तिथे लोक राख, कचरा, राडारोडा आणून ओतायचे आणि ओढ्यात सांडपाणी सोडायचे. मग वाद सुरू झाला. एका बाजूचं म्हणणं, ओढा बंदिस्त करा, दरी भरून टाका, वर मस्त रुंद रस्ता करा म्हणजे जॉर्जटाउन शहराला जोडलं जाईल. दुसऱ्या बाजूचं, दरी उघडीच ठेवा, साफ करा, झाडं लावा आणि रस्ता खाली ओढ्याच्या बाजूने न्या. वॉशिंग्टनच्या आखणीसाठी केलेल्या १९०२ च्या मॅकमिलन प्लॅनने दुसरी बाजू उचलून धरली, १९१३ ला कायदा झाला, आणि जागा घेत घेत, भराव हलवत काम पूर्ण व्हायला १९३६ उजाडलं. एवढ्या वर्षांत कोणाचा तरी धीर सुटला असता तर आज तिथे ओढाच दिसला नसता, हे मला फार मोठं वाटतं.

म्हणजे पार्कमधलं जंगल वाचवलेलं आहे आणि पार्कवेची हिरवळ बरीचशी घडवलेली, फक्त बघताना ते कळत नाही. डिझाइनची कमाल तीच आहे. रस्ता ओढ्यासारखाच वळतो, शहरातले मोठे रस्ते डोक्यावरून पुलांनी जातात त्यामुळे सिग्नल फारसे नाहीत, कडेला घरं-दुकानं नाहीत, ट्रकना बंदी. लांबी फक्त चारेक किलोमीटर, लिंकन मेमोरियलपासून वर झूकडे.

ऑफिसच्या गर्दीसाठी सकाळी सगळा रस्ता शहराकडे आणि संध्याकाळी सगळा बाहेर, अशी वन-वेची पद्धत १९३० च्या दशकापासून बरीच वर्षं पार्कवेवर होती. बीच ड्राइव्हचा वरचा भाग तर २०२० पासून गाड्यांना बंद करून चालणाऱ्या-सायकलवाल्यांना दिलाय.

पार्कवेच्या बाजूने चालत जाणार असाल तर क्यू स्ट्रीटच्या पुलाखाली थांबा. पूल १९१५ चा, खालच्या रस्त्याच्याही आधीचा. वरून जाणाऱ्यांना त्याच्या टोकांना ब्राँझचे मोठे बायसन दिसतात, खालून बघितलं की कमानींच्या वर किकिंग बेअर या लकोटा (अमेरिकेतली एक मूळ जमात) योद्ध्याचे दगडी चेहरे ओळीने दिसतात.