पार्किंगमधल्या गाडीतली बंदूक: खुलासा

अमेरिकेतल्या विद्यापीठांत नोकरी करणाऱ्यांमध्ये एक संदेश फिरतो: ‘गाडी तुमची खाजगी जागा, त्यामुळे कुलूपबंद गाडीतल्या बंदुकीबद्दल विद्यापीठ तुम्हाला काही विचारू शकत नाही.’

हे सरसकट खरं नाही. राज्यघटनेची चौथी दुरुस्ती बेकायदा झडतीपासून संरक्षण देते, पण ती सरकारला बांधते. सरकारी विद्यापीठाला ती लागू होते, खाजगी विद्यापीठाला नोकरीदाता म्हणून सहसा नाही. शिवाय झडती आणि नियम या वेगळ्या गोष्टी. झडती न घेताही नियमभंगासाठी नोकरी जाऊ शकते.

खरा निर्णय राज्याच्या कायद्यावर ठरतो. फ्लोरिडाचा २००८चा कायदा तर गाडीत बंदूक आहे का, हे कर्मचाऱ्याला विचारायलाही मनाई करतो (संदेशाचं मूळ बहुधा इथेच असावं). पण त्यात शाळांच्या आवाराचा अपवाद आहे. शाळांसारखी बंदी विद्यापीठालाही घालता येते का, यावर वाद झाला. २०१३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने निकाल दिला, की गाडीत ठेवलेल्या बंदुकीवर सरकारी विद्यापीठाला बंदी घालता येत नाही. एका राज्यात एवढा खल, तर तोच निकाल पन्नास राज्यांना कसा लावायचा?

पडताळायचं असेल तर राज्य विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कायद्याचं कलम अपवादांसकट वाचा. मग विद्यापीठाचं शस्त्रधोरण आणि पार्किंग परवान्याच्या अटी.

आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं: एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना, शिकारीचा वैध परवाना यांसारखे मोजके अपवाद सोडले, तर केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायलाच मनाई आहे. मग ती गाडीत असो वा घरात.