आखडू लागलेला खांदा अंगावर काढू नये

वेणी घालताना हात मानेमागे पोहोचेनासा होतो, ब्लाउजचे मागचे हूक लावताना खांद्यातून कळ निघते, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. चाळिशी ते साठीच्या दरम्यान सुरू होणाऱ्या या तक्रारीला आपल्याकडे ‘उसण भरली’ किंवा ‘वात आहे’ असे म्हणून मलम चोळले जाते आणि दुखणे महिनोन् महिने अंगावर काढले जाते. वैद्यकात याला फ्रोजन शोल्डर म्हणतात. हे नाव अमेरिकी शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये दिले.

खांद्यात दंडाच्या हाडाचा गोल माथा एका उथळ खोबणीत फिरतो आणि सांध्याभोवती सैल पिशवीसारखे आवरण असते. हात खाली असताना या पिशवीला काखेच्या बाजूने चुण्या पडलेल्या असतात, हात वर नेला की त्या उलगडतात. फ्रोजन शोल्डरमध्ये आवरणाला आधी सूज येते, मग त्यात कोलॅजन या चिवट प्रथिनाचे तंतू दाटत जातात आणि पिशवी आक्रसते. शिंप्याने सदऱ्याच्या काखेत कापड कमी ठेवले तर हात उचलताना सगळा सदराच वर ओढला जातो. तसाच येथे हाताबरोबर खांद्याचा फराही वर उचलला जातो, आणि त्यामुळे हात पुरेसा उठतो आहे असा रुग्णाचा समज बरेच दिवस टिकतो.

मधुमेह असणाऱ्यांना हा धोका कितीतरी अधिक असतो. एरवी साधारण २ ते ५ टक्के लोकांना होणारा हा विकार मधुमेहींमध्ये १० ते २० टक्क्यांपर्यंत आढळतो, कारण रक्तातली वाढलेली साखर कोलॅजनच्या तंतूंना चिकटून त्यांची लवचीकता घालवते असे मानले जाते. म्हणून खांदा आखडला की साखरही तपासून घ्यावी.

दुखते म्हणून हात हलवायचा नाही आणि हलवला नाही म्हणून तो आणखी आखडतो, या चक्रात पहिले काही महिने निघून जातात. नेमक्या याच काळात फिजिओथेरपिस्टकडे जाण्याचा फायदा असतो. मात्र लवकर जाणे म्हणजे जोर लावणे नव्हे. घरातल्या कुणीतरी हात ‘मोकळा करून देतो’ म्हणत ओढणे हा आपल्याकडचा जुना उत्साह येथे घातक ठरतो. नेदरलँड्समध्ये ७७ रुग्णांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वेदनेच्या मर्यादेत राहून हलके व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के रुग्णांचा खांदा दोन वर्षांत जवळपास पूर्ववत झाला, तर जोराने ताणून घेणाऱ्यांत हे प्रमाण ६३ टक्के होते.

व्यायामही साधेच असतात. निरोगी हात टेबलावर टेकवून पुढे वाकायचे आणि दुखरा हात लोलकासारखा लोंबता सोडून हलकेच फिरवायचा, हा त्यांतला एक. तोही कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जातो. वेदना फार असेल तर डॉक्टर सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात, म्हणजे व्यायाम सोसवतो. ब्रिटनमधील ३५ रुग्णालयांत ५०३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन सांधा मोकळा करणे आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया या तिन्ही उपायांची तुलना केली गेली. वर्षअखेरीस त्यांपैकी कोणताही उपाय इतरांपेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही.

एक तपासणी घरीही करता येते. दोन्ही कोपरे काटकोनात वाकवून बरगड्यांना चिकटवावीत आणि पंजे बाहेरच्या बाजूला फिरवावेत. एक हात दुसऱ्याहून बराच अलीकडे अडत असेल, आणि दुसऱ्याने अलगद फिरवून पाहिला तरी तिथेच अडत असेल, तर तपासून घेण्याची वेळ आलेली असते. डाव्या खांद्याच्या दुखण्यासोबत छातीत दडपण किंवा घाम असेल, तर मात्र फिजिओथेरपिस्टकडे न जाता थेट रुग्णालय गाठावे. एरवी पहिल्या भेटीत कोनमापकाने हाताची हालचाल मोजून कागदावर लिहिली जाते, आणि पुढच्या प्रत्येक भेटीत सुधारणा होते आहे की नाही हे त्या आकड्याशी ताडून पाहता येते.