बीड रस्त्यावरचा ट्रक आणि आकाशातल्या वाटा

२६ एप्रिल १९९३ रोजी भर दुपारी औरंगाबादच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) चिकलठाणा विमानतळावरून मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ धावपट्टीच्या अगदी टोकाशी जमिनीवरून उचलले गेले. धावपट्टीच्या पलीकडे बीड रस्ता होता आणि त्या क्षणी कापसाच्या दाबलेल्या गाठींनी भरलेला एक ट्रक तेथून चालला होता. विमानाची डावी चाके आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग त्या ट्रकला धडकला. पुढे सुमारे तीन किलोमीटरवर विमान उच्च दाबाच्या वीजवाहक तारांना अडकून कोसळले. विमानात ११८ जण होते. त्यांपैकी ५५ जणांचा मृत्यू झाला. वैमानिकांनी विमानाचे नाक उचलायला उशीर केला, आणि विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरील वाहतूक रोखण्याची व्यवस्था विमानतळ यंत्रणेने केली नव्हती, अशी दोन कारणे चौकशीत नोंदली गेली.

जागतिक हवाई वाहतूक व्यवस्थापनाच्या आधुनिकीकरणाची पार्श्वभूमी सांगताना सुरुवात चिकलठाण्यापासून करणे काहींना विचित्र वाटेल. हा इतिहास एरवी रडार, उपग्रह आणि संगणक यांचा म्हणून सांगितला जातो. तथापि त्यातील जवळजवळ प्रत्येक टप्प्यामागे असाच एखादा अपघात उभा आहे, आणि प्रत्येक टप्प्यावर मुळातला प्रश्न एकच राहिला आहे: कोण कोठे आहे हे कोणाला दिसते आणि त्याची जबाबदारी कोणावर? बीड रस्त्यावर विमानही होते आणि ट्रकही होता. दोघांकडे एकाच वेळी पाहण्याची जबाबदारी मात्र प्रत्यक्षात कोणीच घेतलेली नव्हती.

विमानांना प्रारंभी रस्तेच वाट दाखवत. पहिल्या महायुद्धानंतर लंडन आणि पॅरिसदरम्यान प्रवासी विमाने सुरू झाली, तेव्हा वैमानिक खालचे रस्ते आणि लोहमार्ग पाहत विमान चालवीत आणि ढग खाली आले की तेही खाली येत. ७ एप्रिल १९२२ रोजी उत्तर फ्रान्समध्ये धुक्यात दोन विमाने समोरासमोर येऊन आदळली आणि सात जण ठार झाले. प्रवासी विमानांच्या हवेतील टकरीची ही पहिली घटना मानली जाते. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर १९२० मध्येच नियंत्रण मनोरा उभा राहिला होता, पण तेथून बिनतारी संदेशाने विमानाशी बोलता येई, विमान दिसत नसे. अमेरिकेतील सेंट लुइसच्या धावपट्टीवर १९२९ मध्ये आर्ची लीग नावाचा माणूस नेमला गेला. तो हातगाडीवर छत्री, खुर्ची, पिण्याचे पाणी, जेवणाचा डबा आणि नोंदवही घेऊन धावपट्टीच्या कडेला बसे आणि दोन निशाणांनी वैमानिकांना ‘थांबा’ किंवा ‘निघा’ असे सांगे. आजच्या नियंत्रकाच्या कामाचा गाभा त्या हातगाडीवर पुरा मावला होता, आणि तो गाभा फारसा बदललेला नाही. १९३५ च्या अखेरीस न्यूआर्क येथे विमान कंपन्यांनीच एकत्र येऊन पहिले मार्ग-नियंत्रण केंद्र सुरू केले. तेथे फळा, नकाशा आणि नकाशावर हाताने सरकवायच्या खुणा एवढीच सामग्री होती. विमान प्रत्यक्षात कोठे आहे यापेक्षा ते आता कोठे असले पाहिजे, याच्या हिशेबावर सारे चालत असे.

आकाशाची मालकी कोणाची हा प्रश्न डिसेंबर १९४४ मध्ये शिकागो येथे निकाली निघाला. तेथील परिषदेत तयार झालेल्या आणि ५२ देशांनी स्वाक्षरी केलेल्या कराराच्या पहिल्याच कलमात प्रत्येक देशाचे आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व मान्य करण्यात आले. त्याच कराराने दिशादर्शनाच्या सोयी उभारण्याचे कामही ज्या त्या देशावर सोपवले. त्यातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे इकाओ, ४ एप्रिल १९४७ रोजी अस्तित्वात आली आणि तिचे मुख्यालय माँट्रियलला झाले. कागदावरचे सार्वभौमत्व आणि प्रत्यक्षातली नजर यांतील अंतर किती मोठे असते, हे मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्या संस्थानाने पुढच्याच वर्षी दाखवून दिले. १९४८ मध्ये सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या अंधारात विमाने नेऊन निजामाला शस्त्रे पोहोचवत होता. भारत सरकारने तीव्र आक्षेप घेतले, पण ती विमाने आकाशात अडवणे काही जमले नाही. अखेर सप्टेंबरमध्ये पोलीस कारवाई झाली आणि तो प्रश्न जमिनीवरच मिटला.

रडार युद्धात विकसित झाले होते, परंतु नागरी आकाशात ते सर्वत्र पोहोचायला एक भीषण धक्का लागला. ३० जून १९५६ रोजी अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानांची टक्कर होऊन १२८ जण मृत्युमुखी पडले. त्या भागातील आकाशावर कोणाचीही नजर नव्हती. दोनच वर्षांत तेथे स्वतंत्र संघराज्य विमान वाहतूक संस्था स्थापन झाली आणि रडारच्या साखळीवर मोठा खर्च सुरू झाला. याच काळात जमिनीवरील रेडिओ-दीपस्तंभांचे, म्हणजे व्हीओआर केंद्रांचे, जाळे जगभर पसरले. असे केंद्र प्रत्येक दिशेला वेगळ्या लयीचा संकेत सोडते, आणि त्यावरून आपण त्या केंद्राच्या कोणत्या दिशेला आहोत हे विमानाला कळते. चिकलठाण्याचे असे केंद्र वैमानिकांच्या नकाशावर ‘ए-ए-यू’ या तीन अक्षरांनी ओळखले जाते. शहराचे नाव बदलले तरी जुन्या नावाचा ठसा असलेल्या या अक्षरांनी वैमानिक आपल्या भागाला कित्येक वर्षे ओळखत आले, ही गंमत जाता जाता नोंदवावीशी वाटते. या पद्धतीची मर्यादा अशी की विमान सरळ मुक्कामाकडे न जाता एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्रावर, जणू बसथांबे घेत जाते. ज्या प्रदेशात केंद्र नाही, तो प्रदेश या नकाशावर नसल्यासारखाच असतो.

आज ज्याला आधुनिकीकरण म्हणतात त्याची वैचारिक सुरुवात १९८३ मध्ये झाली. त्या वर्षी इकाओने भविष्यकालीन हवाई दिशादर्शनासाठी एक खास समिती नेमली. त्याच वर्षी १ सप्टेंबरला वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियन प्रवासी विमान पाडले गेले आणि २६९ जण ठार झाले. त्यानंतर अमेरिकेने आपली जीपीएस यंत्रणा नागरी वापरासाठी खुली करण्याचे जाहीर केले. समितीचा निष्कर्ष सोपा, पण दूरगामी होता: जमिनीवरची केंद्रे समुद्र, वाळवंट आणि गरीब देश यांना कधीच पुरी पडणार नाहीत, म्हणून संपर्क, दिशादर्शन आणि टेहळणी ही तिन्ही कामे शक्य तेवढी उपग्रहांकडे न्यावीत. १९९१ च्या दहाव्या हवाई दिशादर्शन परिषदेने ही कल्पना स्वीकारली.

भारताला मात्र त्याआधीचा, रडारचा धडाही अजून गिरवायचा होता. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि दिल्लीला उतरायला येणारे कझाकस्तानचे विमान एकमेकांवर आदळले. दोन्ही विमानांतील सर्व ३४९ जण गेले. हवेतील टकरींमध्ये आजवरची ही सर्वांत मोठी जीवितहानी आहे. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली उतरले होते. दिल्लीच्या नियंत्रकांपुढे तेव्हा केवळ प्राथमिक रडार होते. त्यावर विमानाचा ठिपका दिसे, पण त्याची उंची दिसत नसे. त्यातच येणारी आणि जाणारी विमाने एकाच पट्ट्यातून जात होती. त्यानंतर येणाजाण्याचे मार्ग वेगळे झाले, विमानाने स्वतः उत्तर देऊन उंची कळवायची असे दुय्यम रडार आले आणि टक्कर टाळणारे उपकरण विमानात सक्तीचे झाले. पुढे नोव्हेंबर २००३ मध्ये भारताच्या आकाशात २९,००० ते ४१,००० फुटांमधील विमानांतले उभे अंतर २,००० फुटांवरून १,००० फुटांवर आले. उंचीमापक यंत्रे अचूक झाली म्हणून हे शक्य झाले आणि त्याच आकाशात सहा नवे मजले निघाले. परभणी किंवा हिंगोलीच्या शिवारात रात्री अंगणात बाज टाकून वर पाहणाऱ्याला एकामागून एक सरकणारे दिवे दिसतात, त्यांतले पुष्कळसे या मजल्यांवरचे असतात. ते इथे उतरत नाहीत, ही आपल्या भागाची जुनी तक्रार. पण तो वेगळा विषय आहे.

एकविसाव्या शतकात योजनांची नावे भराभर आली. अमेरिकेत २००३ च्या कायद्यातून ‘नेक्स्टजेन’ निघाले, तर युरोपात ‘सिंगल युरोपियन स्काय’च्या पोटात ‘सेसार’ जन्मले. २०१२ च्या बाराव्या परिषदेत इकाओने सर्व देशांसाठी टप्प्याटप्प्याच्या सुधारणांचा आराखडा मान्य केला. या दस्तऐवजांची भाषा रूक्ष आहे, आणि मुदती वारंवार पुढे ढकलल्या गेल्या आहेत. त्यांतली एक कल्पना मात्र खरोखर नवी आहे: विमानाचा संपूर्ण मार्ग, उंची आणि प्रत्येक टप्प्यावरील वेळ यांसह, आधीच ठरवायचा आणि विमानतळ, विमान कंपनी व वाटेतले सगळे नियंत्रक यांनी तोच मार्ग एकाच वेळी पाहायचा. आजवर नियंत्रक विमान आपल्या हद्दीत शिरल्यावर त्याला हाताळत आला. आता ते निघण्याआधीच त्याची उतरण्याची वेळ ठरावी, अशी अपेक्षा आहे. टेहळणीही बदलली आहे. मार्गावरच्या रडारची फिरती तबकडी एखादे विमान पुन्हा टिपायला दहाबारा सेकंद घेते. एडीएस-बी पद्धतीत विमान स्वतःच आपला ठावठिकाणा सेकंदासेकंदाला प्रसारित करते, आणि तो ऐकणारे उपकरण रडारच्या तुलनेत फारच स्वस्त असते. मोबाइलवर डोक्यावरच्या विमानाचे नाव आणि मुक्काम पाहणारी पोरे नकळत याच प्रसारणाचा उपयोग करत असतात.

भारताच्या वाट्याचे मोठे काम म्हणजे ‘गगन’. जीपीएसची चूक काही मीटरांची असली तरी धावपट्टीवर उतरण्यासाठी ती परवडत नाही. त्यात आपला देश विषुववृत्ताच्या बाजूला असल्याने वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, म्हणजे आयनांबरात, विशेषतः सूर्यास्तानंतर, मोठी उलथापालथ होते आणि उपग्रहाचा संकेत कमीअधिक रेंगाळतो. अमेरिका आणि युरोप यांनी आपापल्या आकाशासाठी बसवलेले गणित इथे जसेच्या तसे चालत नाही. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी देशभर १५ संदर्भ केंद्रे उभारून ही चूक मोजण्याची आणि तिची दुरुस्ती भूस्थिर उपग्रहांमार्फत विमानाला कळवण्याची व्यवस्था केली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने डिसेंबर २०१३ मध्ये मार्गक्रमणासाठी आणि एप्रिल २०१५ मध्ये उभ्या मार्गदर्शनासह उतरणीसाठी तिला मान्यता दिली. २०१६ च्या नागरी विमान वाहतूक धोरणात १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या विमानांना ‘गगन’ची सोय सक्तीची करण्याचे ठरले, पण ही मुदतही लांबली. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगड येथे एका एटीआर ७२ विमानाने या पद्धतीने उतरून दाखवले. त्या चाचणीसाठी मोठे विमानतळ न निवडता किशनगडसारखे छोटे विमानतळ निवडले गेले, यातच या तंत्राचे मर्म आहे. मोठ्या विमानतळावर उतरणीसाठी धावपट्टीशेजारी महागडी उपकरणे असतात. त्यांना वीज, देखभाल आणि नियमित हवाई तपासणी लागते. दिवसाला दोनचार विमानांचा विमानतळ हा खर्च पेलू शकत नाही.

मराठवाड्याचा संबंध इथे थेट येतो. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेची पहिली उड्डाणे सुरू झाली, तेव्हा शिमला-दिल्ली आणि कडप्पा-हैदराबाद यांच्याबरोबर नांदेड-हैदराबाद हा मार्गही होता. लातूर आणि धाराशिव येथेही धावपट्ट्या आहेत. पैसा, प्रवासी आणि विमाने हे प्रश्न तंत्रज्ञानाने सुटणार नाहीत. परंतु धुक्यात किंवा पावसात विमान परत का जाते, या प्रश्नाचे उत्तर मात्र काही अंशी यात आहे. स्वीडनने एप्रिल २०१५ पासून ऑर्नशोल्ड्सविक विमानतळाचे नियंत्रण सुंड्सवालहून कॅमेऱ्यांच्या आधारे सुरू केले. एकाच ठिकाणी बसून दोनतीन लहान विमानतळ सांभाळण्याची ही पद्धत लातूर-नांदेडसारख्या ठिकाणी विचार करण्याजोगी आहे, असे माझे मत आहे. त्यासाठी दोरीसारखी तुटणारी इंटरनेटची जोडणी आधी पक्की व्हावी लागेल.

यंत्रावर किती भिस्त ठेवायची, याविषयी अलीकडचा इतिहास सावध करतो. १ जुलै २००२ रोजी जर्मनीतील युबरलिंगेनवर विमानातील टक्कर टाळणारे उपकरण एका वैमानिकाला ‘वर जा’ सांगत होते आणि जमिनीवरचा एकटाच नियंत्रक त्याच वैमानिकाला ‘खाली उतर’ सांगत होता. दोन विमाने आदळून ७१ जण मेले. अशा वेळी उपकरणाचेच ऐकावे, हा नियम त्यानंतर निःसंदिग्ध करण्यात आला. २८ ऑगस्ट २०२३ रोजी ब्रिटनची उड्डाण नियोजन यंत्रणा ठप्प झाली, कारण एका विमानाच्या मार्गात ‘डीव्हीएल’ हेच संकेतनाम दोनदा आले होते: एक फ्रान्समधील दोव्हिल, दुसरे अमेरिकेतील डेव्हिल्स लेक. संगणकाला दोन सारख्या नावांचा उलगडा झाला नाही. आपल्याकडे एकाच तालुक्यात दोन पिंपळगाव असले तरी टपाल्याचे अडत नाही. तेथे लाखो प्रवासी खोळंबले आणि कर्मचारी हाताने नोंदी करत बसले.

‘गगन’वर आधारित उतरणीसाठी धावपट्टीशेजारी नवे यंत्र लागत नसले, तरी उतरणीचा नकाशा आखण्यापूर्वी धावपट्टीच्या दोन्ही बाजूंची जमीन मोजावी लागते. जिनिंगची धुराडी, पाण्याच्या टाक्या, मोबाइलचे मनोरे, उंच झाडे आणि विजेचे खांब यांची उंची व जागा नोंदवली जाते, आणि त्यांतला एकही अडथळा सुटला तर विमानाला दिला जाणारा कोन चुकीचा ठरू शकतो. म्हणून विमानतळाभोवती नवी इमारत बांधताना प्राधिकरणाचे उंचीचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. ही मोजणी करणारी माणसे चिकलठाण्याला आजही बीड रस्त्याच्या कडेला उभी राहतील, तेव्हा रस्त्यावरून जाणाऱ्या, वर माल रचलेल्या ट्रकची उंचीही त्यांना त्याच तक्त्यात लिहावी लागेल.