कवटीतलं ‘प्रेशर’ आणि ‘सौम्य’ या शब्दाचा घोळ

सिंधुदुर्गातल्या दवाखान्यात ‘प्रेशर वाढलंय’ याचे तीन अर्थ निघतात: दंडाला पट्टा बांधून मोजतात ते बीपी, डोळ्यातलं म्हणजे काचबिंदूचं, आणि तिसरं कवटीत मेंदूभोवती असलेल्या पाण्याचं. हे तिसरं वाढतं त्या आजाराचं आजचं इंग्रजी नाव इडिओपॅथिक इंट्राक्रेनियल हायपरटेन्शन. हे तिसरं बीपीच्या गोळीने उतरत नाही. भाताच्या लावणीत वाकून उभं राहताना दोनचार सेकंद अंधारी येते, कानात नाडीचे ठोके ऐकू येतात. घरचे म्हणतात, रक्त कमी असेल.

1904 मध्ये जर्मनीत या आजाराला ‘खोटी गाठ’ म्हटलं गेलं, कारण लक्षणं मेंदूतल्या गाठीची पण गाठ नाही. 1937 मध्ये अमेरिकेतल्या एका मेंदूच्या सर्जनने 22 रुग्णांवरून निकष मांडले. स्कॅन तेव्हा नव्हते. मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून एक्स-रे काढत.

खरी गफलत 1955 ची. कॅन्सर नाही, जीव जात नाही, म्हणून या दाबवाढीला नाव ठेवलं ‘सौम्य’. 1982 मध्ये वर्षानुवर्षं पाहिलेल्या 57 रुग्णांचा हिशेब आला: 14 जणांची एका किंवा दोन्ही डोळ्यांची नजर गंभीरपणे गेलेली. 1989 पासून ‘सौम्य’ काढून ‘अज्ञात कारणाचा’ म्हणायला लागले, तरी जुना शब्द अजून कागदांवर दिसतो. ‘सौम्य’ वाचलेला पेशंट गोव्यातल्या बांबोळीच्या किंवा कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्याची पुढची खेप टाळतो. त्यात नजर तपासण्याच्या तक्त्यावरची शेवटची ओळ त्याला वाचता येते, कारण आधी आक्रसते ती बाजूची नजर. म्हणून तक्ता पुरत नाही. डोळ्याची बाहुली मोठी करून आतला पडदा बघायचा आणि फील्ड टेस्ट, म्हणजे बाजूच्या नजरेची तपासणी, करायची.

‘अज्ञात’ हा शब्दही जपून वापरावा लागतो. टेट्रासायक्लिन गटातली औषधं, अ जीवनसत्त्वाचे मोठे डोस, मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइन यांनीही दाब वाढतो. मग कारण ज्ञात झालं. लेप्टोच्या तापापासून बचाव म्हणून पावसाळ्यात आठवड्याला 200 मिलिग्रॅम घेतात ती डॉक्सिसायक्लिन याच गटातली. धोका मुख्यतः रोज, बरेच दिवस घेणाऱ्यांना. लेप्टोची कॅप्सूल परस्पर बंद करू नये. बाळंतपणानंतर डोकं धरलं तर मेंदूच्या शिरेत गुठळी नाही ना, हे एमआर व्हेनोग्राफीने, म्हणजे शिरांच्या स्कॅनने, आधी पाहायचं.

हा दाब कंबरेत, मणक्यांमध्ये सुई घालून मोजतात. 2013 च्या निकषांत मोठ्यांसाठी रेघ 250 मिलिमीटर पाण्याची, मुलांत साधारण 280 ची. रुग्ण कुशीवर हवा. सुई आत गेल्यावर पाय सैल सोडायला सांगून मगच वाचायचं. पोटाशी गुडघे आवळले किंवा श्वास रोखला की आकडा फुगतो. बसवून मोजलेला आकडा धरायचाच नाही. मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायची नळी, जोडण्याआधी पाणी वाहू दिलं तर खरा दाब हातचा गेला.

2014 मध्ये 165 रुग्णांच्या चाचणीत वजन उतरवण्याच्या आहारासोबत ॲसिटाझोलामाइड हे दाब उतरवणारं औषध दिलं तेव्हा नुसत्या आहारापेक्षा फील्ड जास्त सुधारलं. डोस वाढवत दिवसाला 4 ग्रॅमपर्यंत नेला होता, म्हणजे 250 मिलिग्रॅमच्या 16 गोळ्या. बोटांना मुंग्या येतात, गोटी सोडा बेचव लागतो. हे औषधाचंच काम आहे हे आधी सांगितलं नाही, तर पेशंट आठवड्यात गोळ्या सोडतो.