ऑलिंपिकसाठी घोड्याचे राष्ट्रीयत्व: १५ जानेवारीची अट आणि अर्ज अडवणारी कागदपत्रे

एखादा घोडा जर्मनीत वाढला, तिथल्याच तबेल्यात राहतो आणि तिथल्याच प्रशिक्षकाच्या हाताखाली तयार झाला, तरी ऑलिंपिकच्या दृष्टीने तो भारतीय असू शकतो. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघ, म्हणजे एफईआय, घोड्याचे राष्ट्रीयत्व वंशावळीवरून किंवा मुक्कामावरून ठरवत नाही, तर मालकाच्या राष्ट्रीयत्वावरून ठरवतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताचे फवाद मिर्झा ज्या सेन्यूर मेडिकॉट या घोड्यावर स्वार होऊन तेविसावे आले, त्या घोड्याची आणि स्वाराची तयारी जर्मनीत झाली होती. मालकी मात्र बेंगळुरूच्या एम्बसी समूहाकडे होती.

एरवीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत परदेशी मालकाच्या घोड्यावर बसण्यास हरकत नसते आणि या सवयीमुळेच स्वार बेसावध राहतात. ऑलिंपिकला मात्र स्वार आणि घोड्याचा मालक एकाच देशाचे असावे लागतात, आणि तेही स्पर्धेच्या वर्षीच्या १५ जानेवारीपासून. पॅरिससाठी ही तारीख १५ जानेवारी २०२४ होती. टोकियोची स्पर्धा वर्षभर पुढे गेल्यामुळे तिच्यासाठी १५ जानेवारी २०२१ धरली गेली. शेवटच्या घटकेला दुसऱ्या देशाचे तयार घोडे आणून संघ उभा करता येऊ नये, हा नियमाचा हेतू. प्रत्यक्षात त्यामुळे खरेदी थांबत नाही, ती फक्त ऑलिंपिकच्या आधीच्या हिवाळ्यात उरकली जाते आणि त्या काळात चांगल्या घोड्यांचे भाव चढतात.

या तारखेचा अर्थ बहुतेक अर्जदार चुकीचा लावतात. ही प्रवेशिका भरण्याची मुदत नव्हे. प्रवेशिकांच्या तारखा वेगळ्या असतात आणि पुष्कळ नंतर येतात. १५ जानेवारीच्या आत मालकी बदलून तिची एफईआयकडे रीतसर नोंद झालेली असावी लागते. विसार दिला आहे, करारावर सह्या झाल्या आहेत, पैसे बँकेतून निघाले आहेत, ही सगळी कारणे माणसाला पटतात, पण नोंदवहीला पटत नाहीत. फेब्रुवारीत पूर्ण झालेली खरेदी कितीही प्रामाणिक असली, तरी ती वरातीमागून घोडे ठरते. घोडा भाड्याने घेतला असेल तर भाडेकरार कितीही वर्षांचा असला तरी मालक बदलत नाही, हेही लक्षात ठेवावे.

खरे घोडे पेंड खाते ते मालकीच्या पुराव्यापाशी. घोड्याचा पासपोर्ट हे ओळखपत्र आहे. त्यात मायक्रोचिपचा क्रमांक, वर्णन आणि लसीकरणाच्या नोंदी असतात, मालकाचे नावही असते, पण तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. जर्मनीत प्रजनन संघटना पासपोर्टखेरीज मालकीचे स्वतंत्र प्रमाणपत्र देतात, आणि घोडा विकला की ते मूळ प्रमाणपत्र नव्या मालकाच्या हाती पडायला हवे. आपल्याकडचे खरेदीदार पासपोर्ट मिळाला म्हणजे काम झाले असे समजून परततात आणि पुढे महिनोन्महिने जुन्या मालकाच्या मागे फिरतात. त्यामुळे शेवटचा हप्ता हे प्रमाणपत्र हातात आल्यावरच द्यावा, असा माझा आग्रह असतो.

दुसरी अडचण अंतराची आहे. घोड्यांच्या साथरोगांमुळे भारतातून युरोपात घोडे नेणे फार काळ जवळजवळ अशक्य होते. मेरठ छावणीतील लष्करी पशुवैद्यकीय केंद्राला देशातील पहिला घोड्यांचा रोगमुक्त विभाग म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, तीही जुलै २०२५ मध्ये. म्हणून आपल्या स्वारांचे घोडे युरोपात, मालक मुंबईत किंवा बेंगळुरूत आणि भारतीय अश्वारोहण महासंघ दिल्लीत, असा तिढा असतो. मालकबदलाची नोंद महासंघामार्फत करावी लागते, पण पासपोर्ट घोड्यासोबत असल्याशिवाय त्याला स्पर्धेला नेता येत नाही. तेव्हा कागद पाठवण्यासाठी दोन स्पर्धांमधला मोकळा काळ आधीच राखून ठेवावा. डिसेंबरअखेर नाताळच्या सुट्ट्यांत युरोपातली कचेरी उघडी असेल, या भरवशावर कोणीही राहू नये.

मालक एकापेक्षा अधिक आणि वेगवेगळ्या देशांचे असतील, तर घोडा कोणत्या देशाकडून उतरणार हे त्याच तारखेपूर्वी नोंदवावे लागते आणि स्पर्धा संपेपर्यंत ते बदलता येत नाही. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले काका कौतुकाने पुतणीच्या घोड्यात निम्मा वाटा घेतात, तेव्हा हा प्रश्न कोणाच्या ध्यानीमनीही नसतो. मालक कंपनी असेल, तर तिची नोंदणी कोणत्या देशात झाली आहे ते दाखवणारे प्रमाणपत्र जवळ असावे.

स्वाराच्या बाबतीत पासपोर्ट निर्णायक असतो. परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे ओसीआय कार्ड म्हणजे भारतीय नागरिकत्व नव्हे; हे वाक्य परदेशातल्या मराठी पालकांना मी अनेकदा ऐकवले आहे आणि दर वेळी त्यांना धक्का बसला आहे. पूर्वी दुसऱ्या देशाकडून खेळलेल्या आणि नंतर नागरिकत्व बदललेल्या खेळाडूला ऑलिंपिक सनदेनुसार सर्वसाधारणपणे तीन वर्षे थांबावे लागते. दोन्ही देशांच्या ऑलिंपिक समित्या आणि संबंधित क्रीडा महासंघ राजी असतील, तरच हा काळ कमी होऊ शकतो.

एफईआयची वार्षिक नोंदणी, लसीकरण आणि पात्रतेचे निकाल या बाबी नेहमीच्याच असून प्रशिक्षक त्या सांभाळतात. लॉस एंजेलिसची स्पर्धा १४ जुलै २०२८ रोजी सुरू होणार आहे. अट आहे तशीच राहिली, तर मालकीची नोंद १५ जानेवारी २०२८ पर्यंत पुरी व्हायला हवी, आणि त्यासाठी खरेदीचा व्यवहार २०२७ च्या दिवाळीपूर्वीच संपलेला बरा.