हॅलोवीन हा सैतानाचा वाढदिवस नाही

‘३१ ऑक्टोबरचा हॅलोवीन हा सैतानाचा वाढदिवस, त्या दिवशी मुलांना भुताचा वेश घातला की सैतानाची पूजा होते’, असा मेसेज कोल्हापुरातल्या ख्रिस्ती घरांत फिरत असतो. पोरांच्या काळजीपोटीच लोक तो पुढे पाठवतात.

बायबलमध्ये सैतानाच्या जन्माची तारीख कुठेच नाही. मराठी बायबलच्या ॲपमध्ये ‘सैतान’ शोधा आणि एकेक वचन स्वतः वाचून बघा.

मग ही तारीख आली कुठून? चर्चचं कॅलेंडर काढा. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण, २ नोव्हेंबर मृतांच्या स्मरणाचा. त्या दिवशी कॅथलिक कुटुंबं कबरींवर फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. ३१ ऑक्टोबर ही संतांच्या सणाची आदली संध्याकाळ, एवढंच. १ नोव्हेंबरचा हा सण ९व्या शतकात पश्चिम युरोपभर रुजला. आयर्लंडमधल्या हिवाळ्याच्या तोंडावरच्या जुन्या लोकरीती पुढे त्यात मिसळल्या. तिथं सलगम कोरून आत दिवा ठेवत. सलगमाच्या जागी भोपळा आला तो अमेरिकेत.

हॅलोवीन साजरा करावा का, हा प्रश्न मात्र खरा आहे. दिवस पाळण्याबाबत बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १४व्या अध्यायात प्रेषित पौल निर्णय ज्याच्या त्याच्या मनावर सोपवतो. रक्ताळलेला मुखवटा पोराला नको म्हणणारी आई मला पटते. तिला नाही म्हणायला खोट्या तारखेचा आधार लागत नाही.